तार बदलायच्या आधी

बाबा,

आज पुन्हा तारा उतरवल्या. डायनिंग टेबलवर जुना टॉवेल अंथरलाय, त्यावर बास आडवा ठेवलाय आणि त्याच्या बाजूला तारांची वेटोळी पडली आहेत. जेवायला बसायला जागा उरलेली नाही, म्हणून नवरा ताट घेऊन सोफ्यावर गेला. जाता जाता आज आलेलं नव्या तारांचं पाकीट बघून म्हणाला, "पोस्टमनला आता आपल्या घराची किल्लीच देऊन टाक." मी हसले नाही. सध्या मला हसू येत नाही, एका जागी बसवत नाही, हातात घेतलेलं एक काम धड पुरं होत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला कधीकधी फोटोकडे बघावं लागतं. पण तारांबद्दल आणि कानांबद्दल एकाच वेळी बोलता येईल असं माणूस माझ्या ओळखीत तुम्ही एकच होतात.

हा बास तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही होतात तेव्हा मी फक्त तंबोरा छेडायची, लेस्टरच्या घरातल्या पुढच्या खोलीत, गॅस फायरच्या शेजारी, तुमच्या पाठीमागे बसून. हा दिसायला गिटारसारखा, पोकळ लाकडी पोटाचा, पण जाडजूड तारांचा आणि खर्जात बोलणारा. आखूड मापाचा घेतला, कारण माझे हात आईवर गेलेत. मोठ्या बासवर पहिल्या सुरापर्यंत बोटं पोचेपर्यंत खांदा भरून यायचा. आणि ह्याला पडदे नाहीत. सतारीला असतात तसे पडदे साध्या बासला असतात. बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर आपल्या जागी जाऊन बसतो. ह्याच्यावर नुसतं गुळगुळीत काळं लाकूड आहे. बोट केसभर सरकलं की सूर घसरला. सूर कुठे आहे ते आपल्या कानानंच शोधायचं. दुकानातला माणूस म्हणाला होता, "आर यू शुअर? मोस्ट पीपल स्टार्ट विथ फ्रेट्स." मी त्याला सांगितलं, माझे वडील कानाचे डॉक्टर होते. त्याचा इथे काय संबंध ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही, पण मला तेव्हा ते फार मोठं उत्तर वाटलं होतं.

बरीच वर्षं मी ह्याला एकाच जातीच्या तारा लावत आले. आत पोलाद आणि वरून काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेली. बोटांना मऊ, आवाज भरदार आणि शांत, तुमच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या जवळ जाणारा. गेल्या हिवाळ्यापासून त्या मला आवडेनाशा झाल्या. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटायला लागला. वाटलं, तारा मेल्या. त्याच जातीच्या नव्या आणल्या, तर त्या पाकिटातूनच मेलेल्या निघाल्या. मग चपट्या पोलादी तारा आणल्या. त्या इतक्या ताठ की बासच्या पोटाला बाक येईल अशी भीती वाटली, आणि एवढं करून आवाज मोकळा नाहीच. मग एकदा घाईत लांब मापाच्या मागवल्या. आखूड बासला तारही आखूडच लागते, कारण तारेचा जाड भाग खुंटीच्या अलीकडे संपावा लागतो. माझ्या तारेचा जाड भाग खुंटीवरच आला, मी हट्टानं पिळत राहिले आणि ती फाडकन तुटून माझ्या चहाच्या कपात पडली. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "पाकिटावर लिहिलेलं वाचायला तुला इकडच्या शाळेत शिकवलं नाही का?" शेवटी ब्रॉन्झच्या तारा लावल्या, वरून स्प्रिंगसारखी वळी असलेल्या. त्या खणखणीत वाजतात. बोट सरकलं की करकरतात, आणि ती वळी लाकडाला कानशीसारखी घासते. आत्ताच बारीक चरे दिसायला लागलेत. पण त्यांच्यावर मला सूर सापडतो. सापडतो असं मला वाटत होतं.

इथे मिल्टन कीन्समध्ये आमचा तिघांचा गट आहे. गाणारी मैत्रीण, तबल्यावर तिचा नवरा आणि मी. दिवाळीच्या कार्यक्रमात तिनं अभंग ठेवलेत आणि पेटी मुद्दाम ठेवलेली नाही. खाली फक्त माझा बास असणार, तिला सूर माझ्याकडून घ्यायचाय. हे तिनं सुचवलं तेव्हा मी आनंदानं घरी येऊन नवऱ्याला शिरा करून घातला होता. गेल्या शनिवारी तिच्या घरामागच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत तालीम होती. पहिला अंतरा संपायच्या आत ती थांबली.

"अगं, पंचमावर तू चढतेस."

"मी? तूच उतरली असशील."

तिच्या नवऱ्यानं फोनवरचा ट्यूनर माझ्यासमोर धरला. मी पंचम लावला, मनासारखा, अगदी बरोबर. सुई उजवीकडे झुकली होती, म्हणजे सूर चढाच.

"तारा नव्या आहेत," मी म्हटलं. "बसायच्यात अजून."

"मागच्या तालमीला पण नव्याच होत्या," तो म्हणाला. साधेपणानंच म्हणाला, पण मला झोंबलं.

"आणि किती खणखणीत झालाय गं तो," मैत्रीण म्हणाली. "पूर्वी किती छान यायचा, पोटातून. हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण कार्यक्रमापुरता एखादा फ्रेटवाला आण ना. सेफ पडेल. कोणाला कळणार आहे?"

मी सोडून कोणाला कळणार नाही, हे खरंच होतं. बास बॅगेत भरला आणि निघाले. डोक्यात इतका कल्लोळ होता की एका राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या, आपला एक्झिट कुठला ते सुचेना. घरी आल्याबरोबर कपडेही न बदलता आणखी एका जातीच्या तारा ऑर्डर केल्या. त्या आज आल्या. त्या पाकिटाकडे बघतच तुम्हाला लिहितेय.

तुम्ही मला एकदा झापलं होतंत, आठवतं? मी तेव्हा कम्प्रिहेन्सिव्ह शाळेत नुकतीच जायला लागले होते. तंबोरा जुळत नव्हता आणि मी कुरकुरत होते की ही तारच खराब आहे, बदला ती. तुम्ही डोळे मिटून बसला होतात, ते न उघडताच म्हणालात, "तार बदलायच्या आधी कान धुऊन ये." आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, तिथून तिचं हसणं ऐकू आलं. मी रागारागानं वर गेले आणि खरंच साबण लावून कान धुतले. ओल्या कानांनी परत येऊन बसले, तर तार लगेच जुळली. तुम्ही म्हणालात, "बघ." तेव्हापासून माझा कुठेतरी विश्वास बसला होता की बाबांचं हे औषध लागू पडतं. म्हणून त्या शनिवारच्या गोंधळानंतर त्याच संध्याकाळी मी हाय स्ट्रीटवर कानातला मळ काढून देतात तिथे गेले. आपल्या कानात भरपूर मळ निघावा म्हणून कोणी देवाला विनवलं नसेल, मी विनवलं. त्या मुलीनं दोन्ही कानांत दिवा लावून पाहिलं आणि म्हणाली, "लव्हली अँड क्लीन, बोथ ऑफ देम." माझा चेहरा पडलेला बघून तिनं विचारलं, हिअरिंग टेस्ट बुक करू का? मी म्हटलं, नको, प्रॉब्लेम माझ्या तारांचा आहे. ती गोंधळून हसली.

बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला एकदम तुमचा तंबोरा आठवला, तुमच्या शेवटच्या काही वर्षांतला. तुम्ही रिटायर झाला होतात. मिरजेला मेडिकलला असताना तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत तुमचा निम्मा वेळ जायचा, तिथली ओळख तुम्ही जन्मभर ठेवलीत. कोणीही तिकडून येणार म्हटलं की तुम्ही तारा मागवायचात. लोक लोणची मागवतात, पापड मागवतात, आमच्याकडे तारा यायच्या. आलेल्या तारा महिनाभरात तुम्हाला मेलेल्या वाटायच्या. "इथल्या दमट हवेत तारा टिकत नाहीत," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. पूर्वीपेक्षा बारीक तारा लावायला लागलात. घोडीवर तारेखाली घालायचा तो सुताचा दोरा तुम्ही इतका सरकवायचात की तंबोरा झणझणायचा. आई म्हणायची, "अहो, शेजारी कोणीतरी भांडी घासतंय असं वाटतं." तुम्हाला तो आवाज कुठे खुपतच नव्हता. तुमच्याकडे रविवारी गायला येणारी मंडळी हळूहळू कमी झाली. कोणाची नातवंडं आली, कोणाचे गुडघे दुखायला लागले. तुम्ही म्हणालात, इकडच्या लोकांना सुराची चाड राहिली नाही. आम्ही सगळे समजलो, डॉक्टर म्हातारपणी विक्षिप्त झाले. मीही तेच समजले. नंतर तुम्ही पुढच्या खोलीत एकटेच गायचात, आणि आई दार लोटून घ्यायची.

मी आता तेच करतेय, बाबा. तेच, तसंच. फक्त तुम्हाला तारा मिरजेहून मागवाव्या लागायच्या आणि मला दोन-तीन दिवसांत दारात मिळतात.

ह्यानंतर मी उठून दोनदा किचनमध्ये जाऊन आले. काही आणायचं नव्हतं. आता जे लिहायचंय ते टाळत होते. तुमच्या त्या नादकाट्यांबद्दल, कान तपासायच्या ट्यूनिंग फोर्क्सबद्दल लिहायचंय. आई गेल्यावर तुमची ती निळी मखमली पिशवी माझ्याकडे आली, लहानमोठे काटे एकापुढे एक शिवून बसवलेली. लहानपणी तुम्ही त्यातला सगळ्यात छोटा, बारीक आवाजाचा काटा काढायचात, गुडघ्यावर आपटायचात आणि माझ्या कानापाशी धरायचात. "डोळे मीट. माझ्याकडे बघायचं नाही. आवाज थांबला की सांग." मी थांबला म्हटलं की तो तुम्ही स्वतःच्या कानाशी न्यायचात आणि म्हणायचात, "मलाही थांबला. आपण दोघं सारखे." मला ते शाबासकीसारखं वाटायचं. डोळे का मिटायचे असं मी विचारलं तेव्हा तुम्ही तुमच्या क्लिनिकमधल्या पेशंट्सच्या गमती सांगितल्यात. काचेआड बसलेली माणसं ऐकू येवो न येवो, मशीन चालवणाऱ्याचा हात हलला की बटण दाबतात. मोठेमोठे लोक दाबतात. हेडमास्तर दाबतात. "माणूस एरवी खरं बोलेल," तुम्ही पुरी मोडत म्हणाला होतात, "पण कानाच्या बाबतीत कॉपी करणारच."

मग माझी लेक चार-पाच वर्षांची असतानाची ती दुपार. आम्ही लेस्टरला आलो होतो, तुम्ही किचनच्या टेबलापाशी तिला मांडीवर घेऊन बसला होतात, आणि मी ओट्याशी थालीपीठ थापत होते. तुम्ही तो छोटा काटा आपटलात. ह्या वेळी उलटं केलंत, आधी स्वतःच्या कानाशी धरलात, मग तिच्या. तुम्हाला वाटलं होतं, आता काय उरलंय त्यात. ती म्हणाली, "आजोबा, इट्स स्टिल गोइंग." तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलात. "अजून?" "अजून. अजून. अजून." ती टाळ्या वाजवत सांगत राहिली आणि तुम्ही तो काटा तिच्या कानाशी धरूनच ठेवलात. मग हसून म्हणालात, "तुझे कान नवीन आहेत ना, म्हणून," आणि काटा पिशवीत न ठेवता खिशात टाकलात. ही आठवण मी इतकी वर्षं गोड म्हणून सांभाळली. लोकांना सांगितली. गाडीत बसल्या बसल्या मला कळलं की त्या दुपारी किचनमध्ये तुमची टेस्ट झाली होती आणि तुम्ही नापास झाला होतात. जन्मभर दुसऱ्यांचे कान तपासलेत, तुम्हाला कळलं नसेल असं मी कसं मानू?

म्हणून मला तुमचा राग येतोय. शनिवारपासून येतोय, आणि तो जात नाही. तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही आमच्यासमोर तारांना नावं ठेवलीत, हवेला ठेवलीत, रविवारच्या मंडळींना ठेवलीत. एकदा बोलला असतात तर आईनं दार लोटलं नसतं. मी येऊन तुमचा तंबोरा जुळवून दिला असता, मी होते ना. तुम्ही पेशंट्सना कानाला ऐकायचं मशीन लावायला पटवायचात, पण घरी एकदा म्हणाला होतात की त्यातून बोलणं ऐकू येतं, गाणं नाही. तेच ना? तुम्ही घाबरला होतात. असं तुमच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. पण मला ते ओळखू येतं, कारण मीही घाबरलेय. बासचा सूर नुसत्या खालच्या घुमण्यात कळत नाही, त्याच्यावर तरंगणाऱ्या बारीक आवाजांत कळतो, आणि तेच माझ्याकडून निसटायला लागलेत. म्हणून मला तारा खणखणीत, आणखी खणखणीत हव्याशा वाटतात. काळ्या तारांना काही झालेलं नाही. त्या मेल्या नव्हत्या.

परवा रविवारी लेक रीडिंगहून आली. ती आता तिथे नोकरी करते. दारातूनच म्हणाली, "आई, टेबलवर काय हॉरर शो आहे हा?" मग चहा पिताना मध्येच उठली आणि ओव्हन बंद करून आली. "केव्हाची बीप करतेय ती," असं म्हणाली. मी समोर बसले होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी वर जाऊन निळी पिशवी आणली. का आणली ते तिला सांगितलं नाही. छोटा काटा गुडघ्यावर आपटला, माझ्या कानाशी धरला, थांबल्यावर तिच्या.

"येतोय का?"

"हो, येते. अजून येते, आई. इट्स स्टिल गोइंग."

मी धरून राहिले. माझा हात अवघडला. ती खिडकीबाहेर बघत निवांत ऐकत होती, आणि माझ्या तोंडून कधी निघून गेलं ते मला कळलं नाही: "तुझे कान नवीन आहेत ना, म्हणून." काटा मी कार्डिगनच्या खिशात टाकला.

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. "आजोबा पण हेच बोलले होते. सेम. आणि सेम असंच खिशात ठेवला."

"तुला आठवतं ते?"

"हो. मग ते माझ्याशी खूप ओरडून बोलायला लागले. मला वाटायचं, मी त्या गेममध्ये जिंकली म्हणून ते माझ्यावर रागावले." तिनं कप बाजूला सारला. "तू नको ना तसं करू, आई. प्लीज."

तिनं फोन काढला आणि माझ्यासमोर, मला न विचारता, गुरुवारची हिअरिंग टेस्ट बुक केली. मी नाही म्हटलं नाही. तिला वाटायचं तुम्ही रागावलात. हे तुमच्यापर्यंत पोचवायची काहीतरी सोय असायला हवी होती.

आज आलेलं पाकीट मी फोडलेलं नाही, परत पाठवणार आहे. जुन्या काळ्या तारा पुसून पुन्हा चढवायला घेतल्यात. हे लिहिता लिहिता दोन लावूनही झाल्या. मला त्या अजूनही गोधडीखालूनच ऐकू येतात, पण मैत्रीण म्हणते त्या पोटातून येतात, तर येत असतील. तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. गुरुवारनंतर सांगेन असं म्हणतेय. कार्यक्रमात मी तिच्या मागे बसायचं की कोणाला पेटी घेऊन बोलवायचं, ते तिनं ठरवावं. आणि हे पत्र टाकायला पत्ता नाहीच, तेव्हा ते काळ्या तारांच्या रिकाम्या पाकिटात घडी करून ठेवेन.

लेक विचारत होती, टेस्टमध्ये काय काय करतात. मी सगळं सांगितलं. छोटी खोली असते, हेडफोन लावतात, हातात बटण देतात, आणि मधल्या काचेतून मशीनपाशी बसलेली बाई दिसते. तुमची हेडमास्तरांची गोष्टही सांगितली. ती खूप हसली आणि म्हणाली, "मग तू डोळे मिटून बस." मी तिला कबूल केलंय. पण बाबा, मघापासून तिसरी तार पिळताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललंय. खुर्ची थोडी डावीकडे सरकवायला मागितली, तर मशीनपाशी बसलेल्या त्या बाईचा हात दिसेल का.